समोरून गाडी आली तर

सोनाळ्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा अंगणातल्या कडुनिंबाखाली एक जीप उभी होती. रंग पांढरा, दारावर लाल खूण, टायर बरे, इंजिन धड. नव्हता तो फक्त ड्रायव्हर. आधीचा बदलून गेला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. शिपाई रोज सकाळी जीपवर फडकं मारायचा आणि डॉक्टरांच्या कोंबड्या मागच्या बाकावर अंडी घालायच्या. मला त्या जीपचा फार राग यायचा. अडलेली बाई बैलगाडीत घालून नांदुऱ्याच्या मोठ्या दवाखान्याकडे निघायचं, आणि निघताना त्या पांढऱ्या जीपला वळसा घालून फाटकाबाहेर पडायचं, हे मला कधी सवयीचं झालं नाही. एका पहिलटकरणीबरोबर मी अशीच निघाले होते. पोर वाटेतच गेलं. बाई वाचली. परत आले तर शिपाई जीप पुसत होता.

पण खरं सांगायचं तर माझा त्या जीपवर डोळा होता तो दुसऱ्याच कारणानं. माझा नवरा ड्रायव्हर होता. म्हणजे काम सगळं ड्रायव्हरचं करत होता, पण लायसन नव्हतं म्हणून क्लीनर म्हणवत होता. चिखलीच्या एका कापसाच्या शेठचा ट्रक होता, त्यावर हे होते. शहर मागे पडलं की लायसनवाला ड्रायव्हर पोत्यांवर आडवा व्हायचा आणि स्टिअरिंग ह्यांच्या हातात यायचं. पुढे नाका आला की पुन्हा जागांची अदलाबदल. त्या काळी ट्रकवर असंच चालायचं आणि कोणाला त्यात विशेष वाटत नसे.

मी सोनाळ्याला, हे चिखलीला. एक सातपुड्याच्या पायथ्याशी, दुसरं जिल्ह्याच्या पार दक्षिणेला. एसटी बदलत बदलत यायचं तर दिवस मोडायचा. महिन्याकाठी कधीतरी हे यायचे, एक रात्र राहायचे आणि पहाटेच्या पहिल्या एसटीनं जायचे. लग्नाला वर्षं होत चालली होती आणि मला माझ्या नवऱ्याला भात किती लागतो हे नीट ठाऊक नव्हतं. कधी उरायचा, कधी कमी पडायचा. ऐकणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल. मला रडू यायचं.

मी बदली मागितली होती. पण सोनाळ्याला यायला दुसरी नर्स तयार नव्हती, आणि ती आल्याशिवाय मला सोडणार नव्हते. मग ह्यांनी इकडे यायचं, तर इकडे काय करायचं? मी एकदा म्हणाले होते, या तर खरं, माझा पगार आहे, पुढचं पुढे पाहू. ह्यांचा चेहरा असा काही झाला की मी पुन्हा तो विषय काढला नाही. "बायकोच्या पगारावर बसून खाऊ? लोक मले नर्सबाईचा नवरा म्हनतीन," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. तो हट्ट होता, पण त्या वेळच्या पुरुषाला तो हट्ट वाटत नव्हता.

तेव्हा आमच्या दोघांची एकाच घरात राहायची वाट त्या जीपमधून जात होती. मी डॉक्टरांशी बोलले. डॉक्टर भला माणूस, पण नियमाला घाबरणारा. म्हणाले, लायसन आणू द्या, जागा रिकामीच आहे, मी वर लिहितो, नक्की होईल. पण लायसनशिवाय किल्लीला हात लावू देणार नाही. उद्या काही झालं तर माझी नोकरी जाईल. मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण खोटंही म्हणता येईना.

लायसन काढायचं तर परीक्षा द्यायची, आणि परीक्षा जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या शहरात. ठरलेल्या वारी सकाळी हजर राहायचं. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे परीक्षेला मोटार आपली आपण न्यायची. ज्याच्या घरी सायकल नाही त्यानं मोटार कुठून आणायची, हा प्रश्न नियम करणाऱ्याला पडला नसावा. शेठ म्हणाला, ट्रक ने, पण रिकामा नेऊ नको. म्हणजे त्या वारी, त्याच शहराचा माल निघाला पाहिजे. कधी माल निघे तर वार चुके, वार जुळे तर माल दुसऱ्याच गावाचा. असा सगळा योग जमून यायला कापसाचा एक हंगाम गेला. अखेर एकदा जमलं. शिपायाकडून मला निरोप कळला तेव्हा मी देवापुढे दिवा लावला, आणि शेजारणीनं काय नवस फेडला का म्हणून विचारलं.

पुढच्या खेपेला हे आले ते तोंड पाडूनच. जेवले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले नापास. ट्रक चालवून दाखवायची पाळीच आली नव्हती. तोंडी परीक्षेतच साहेबानं परत पाठवलं होतं. साहेब नवा होता, देशावरचा. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. कालपर्यंत आम्ही सगळ्या कामाला नागपूरकडे पाहत होतो, आता मुंबईकडे पाहायला लागलो होतो, आणि तिकडचे साहेब इकडे येत होते. बोलायला मऊ, पण त्यांची भाषा पुस्तकातली. आमची माणसं त्यांच्यापुढे आधीच अंग चोरून उभी राहत.

काय विचारलं, म्हटलं. हे म्हणाले, सोपंच विचारलं. समोरून गाडी आली तर काय कराल?

"मंग तुमी काय सांगतलं?"

"जे करतो ते सांगतलं. इंजन बंद करतो, खाली उतरतो, गाडीले धरून पुढं नेऊन सोडतो, अन् मंग मोटर चालू करतो."

मी नांदुऱ्याची. रुळांच्या कडेला वाढलेली. आमच्याकडे गाडी म्हणजे आगगाडी. लग्न ठरल्यावर ह्यांनी निरोप धाडला होता की संध्याकाळच्या गाडीनं येतो. आमचे वडील स्टेशनावर जाऊन फलाट झिजवत बसले आणि हे इकडे बैलगाडीनं थेट दारात उतरले. ह्यांच्या गावात गाडी म्हणजे बैलगाडी, दुसरं काही नाही. गाडी जुंपायची, गाडी सोडायची. रस्त्यानं आवाज करत जाते ती मोटर. आता साहेबाच्या तोंडी गाडी म्हणजे मोटार, हे ह्यांना कोण सांगणार? साहेबानं विचारलं मोटारीचं, ह्यांनी सांगितलं बैलगाडीचं. समोरून मोटार आली की हा माणूस इंजिन बंद करून खाली उतरणार आणि तिला हातानं धरून पुढे नेणार, असं त्या साहेबानं ऐकलं. मी त्याच्या जागी असते तर मीही नापासच केलं असतं.

मला हसू फुटलं. फुटायला नको होतं. हे माझ्याकडे पाहतच राहिले. मग मी सगळं उलगडून सांगितलं, तर त्यांना हसू तर आलं नाहीच, उलट डोळ्यांत पाणी आलं.

कारण ते जे बोलले होते त्यात चुकीचं काहीच नव्हतं. आमच्या रस्त्यांवर तेव्हा मोटारी थोड्या आणि बैल बुजरे. इंजिनाचा आवाज आला की बैल उधळायचे. गाडीत बायका, लेकरं, वर कापसाचं ओझं, बाजूला नाला. म्हणून आमच्याकडचा ट्रकवाला समोर गाडी दिसली की थांबायचा, इंजिन बंद करायचा, आणि गाडीवान म्हातारा किंवा पोरसवदा असला तर उतरून बैलांचा कासरा धरून गाडी पार करून द्यायचा. हे कोणी शिकवत नव्हतं. सगळेच करत होते.

मी म्हणाले, एवढंच ना, पुढच्या वेळी गाडीला मोटार समजा, म्हणजे झालं. पण हे हट्टाला पेटले. "गाडीले गाडी नाई म्हनू तं काय म्हनू? अन् त्या साहेबानं मले येडा समजलं. मी नाई जात तठी." आणि खरंच गेले नाहीत. जायचं म्हटलं तरी पुन्हा शेठ, पुन्हा माल, पुन्हा तो वार. मी रागावले, समजूत घातली, एकदा तर आठ-पंधरा दिवस निरोपाला उत्तरच दिलं नाही. काही उपयोग झाला नाही. जीप कडुनिंबाखाली उभी आणि आम्ही जिल्ह्याच्या दोन टोकांना.

त्या उन्हाळ्यात देवीच्या लशीची मोहीम पाहायला वरचे एक मोठे अधिकारी सोनाळ्याला आले. काम झालं, चहा झाला आणि निघता निघता त्यांनी जीपकडे बोट केलं. ही इथे काय करतेय, असं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे उत्तर दिलं की चालकाची जागा रिक्त आहे. मी मागे उभी होते. माझ्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. नर्सनं अशा वेळी बोलायचं नसतं हे मला माहीत होतं, तरी मी बोलले. साहेब, म्हटलं, ह्या जिल्ह्यात मोटारी चालवणारी माणसं पुष्कळ आहेत, पण लायसन असलेली नाहीत. परीक्षेला इतकं लांब जायचं, स्वतःची मोटार न्यायची, तिथला साहेब काय बोलतो ते ह्यांना कळत नाही आणि हे काय बोलतात ते साहेबाला कळत नाही. मग सगळे तसेच चालवतात. चिखलीच्या बाजारात ट्रक आहेत, मोठ्या शेतकऱ्यांकडे ट्रॅक्टर आले आहेत, त्यावर कोण बसतो ते जाऊन पाहा. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं एक दिवस इकडे यायला काय हरकत आहे?

डॉक्टर घामाघूम झाले होते. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या कोणासाठी बोलताय का, बाई?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्यासाठी. पण तो एकटा नाही."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मोटारीत बसून गेले. डॉक्टर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

पावसाळा गेला. दिवाळी झाल्यावर कळलं की चिखलीला बाजाराच्या पटांगणात एक दिवस मोटार चालवायची परीक्षा होणार आहे. मोटार आणायची गरज नाही, एका व्यापाऱ्याचा ट्रक सगळ्यांना मिळून वापरता येईल. ते त्या अधिकाऱ्यांनी केलं की दुसऱ्या कोणी, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्यांनाच श्रेय दिलं आणि मनातल्या मनात हात जोडले.

मी रजा टाकून आदल्या दिवशी चिखलीला पोचले, कारण मला माझा नवरा माहीत होता. हे ट्रकखाली पालथे पडून ग्रीस भरत होते. मी म्हणाले, उद्या जायचं. ट्रकखालूनच उत्तर आलं की नाही. मी तिथेच जमिनीवर बसले, नऊवारीला माती लागली, हमाल पाहून राहिले. "काऊन आली वं तू?" हे म्हणाले. मी म्हणाले, तुमाले न्यायले आली, अन् नेल्याशिवाय जात नाई. ग्रीसचे हात पुसत हे बाहेर आले. मग म्हणाले, "चाल. अठी बसू नको."

सकाळी पटांगणात पाहते तर जत्राच होती. धोतरातली माणसं, पायजम्यातली माणसं, टोपीवाले, पटकेवाले. इंग्रजांच्या वेळेपासून मोटार हाकणारा एक म्हातारा होता, त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. ज्याची पाळी येई तो ट्रकच्या पायरीखाली चपला काढी, पायरीला हात लावून कपाळाला लावी आणि मग वर चढे. चपलांची रांग लागली होती. साहेबानं पहिल्यांदा दोघाचौघांना चपला घालूनच चढा म्हणून सांगितलं, मग हात टेकले. आणि साहेब तोच होता. ह्यांनी दुरूनच ओळखला, आणि परत फिरायला लागले. मी दंडाला धरलं. भर बाजारात बायकोनं दंडाला धरलेलं त्या काळी शोभत नव्हतं. मी सोडलं नाही.

टेबल झाडाखाली होतं आणि विचारलेलं सगळ्यांना ऐकू येत होतं. ह्यांची पाळी आली. खुणा विचारल्या, त्या सांगितल्या. हात बाहेर काढून वळायचं कसं ते दाखवलं. मग तेच आलं.

"समोरून गाडी आली तर काय कराल?"

मी रात्री पाठ करून घेतलं होतं, गती कमी करतो, डाव्या अंगाला घेतो, जाऊ देतो. मी पदराचं टोक चावत उभी. इथे गाडी चुकली तर आमचा सगळा संसार चुकला असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा साहेबाकडे.

"साहेब, कोनती गाडी? बैलाची का मोटरची?"

मागची माणसं हसली. साहेब हसला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, दोन्ही सांगा. मग ह्यांनी मोटारीचं सांगितलं, आणि बैलगाडीचंही सांगितलं, इंजिन बंद करण्यापासून कासरा धरण्यापर्यंत. न अडखळता सांगितलं. साहेब ऐकत होता.

"मागे एकदा परत पाठवलं होतं, ते तुम्हीच का?"

"हाव. मीच."

साहेबानं पेन पुन्हा उचललं. मग म्हणाला, मी नवा होतो, मलाही इथलं बोलणं कळायला वेळ लागला. एवढंच. पण त्या दिवशी त्यानं सकाळी परत पाठवलेल्या काही जणांना पुन्हा बोलावलं, आणि पुढे प्रत्येकाला विचारताना मोटर हाच शब्द वापरला. ट्रक तर ह्यांनी असा चालवला की साहेबानं अर्ध्यातच पुरे म्हटलं.

लायसन यायला थोडे दिवस गेले. ते हातात आल्यावर ह्यांनी शेठचा निरोप घेतला. शेठ म्हणाला, आता तर तू खरा ड्रायव्हर झालास, राहा, दुसरा क्लीनर देतो हाताखाली. हे नाही म्हणाले. सोनाळ्याला डॉक्टरांनी वर लिहून ठेवलं होतं. मी क्वार्टरची एक भिंत सारवली, खुंटी ठोकली, दोन माणसांची तुरीची डाळ भरून ठेवली.

आणि हे यायच्या दोनच दिवस आधी जीप गेली. सकाळी एक अनोळखी ड्रायव्हर कागद घेऊन आला. चालकाअभावी पडून असलेलं वाहन दुसऱ्या तालुक्यातल्या, चालक असलेल्या दवाखान्याला द्यावं, असा हुकूम होता. तो माझ्याच बोलण्यातून निघाला असावा. मोठ्या अधिकाऱ्यांनी बोट केलेली जीप कोणाच्या तरी लक्षात राहिली होती. डॉक्टरांनी सही केली, कोंबड्या हाकलल्या आणि किल्ली दिली. फाटकातून जीप बाहेर पडली तेव्हा मी वॉर्डात होते. आवाज ऐकला आणि हातातलं काम तसंच करत राहिले, कारण समोर पेशंट होता. कुठेतरी निदान चालेल तरी, असं मी मनाला समजावत होते. मनाला ते समजत नव्हतं.

चिखलीला निरोप पोचायला वेळच नव्हता. हे एसटीतून उतरले ते ट्रंक आणि वळकटी घेऊन, नवा सदरा घालून. मी स्टँडवर गेले होते. माझा चेहरा पाहूनच ह्यांनी ओळखलं की काही तरी बिनसलंय. दवाखान्यापर्यंत चालत आलो, मग मी कडुनिंबाखालची रिकामी जागा दाखवली. जमिनीवर तेलाचा डाग होता. हे त्या डागाकडे पाहत उभे राहिले. डॉक्टर खिडकीतून पाहत होते, पण बाहेर आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

मी म्हणाले, परत जा. मी ते हसून म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज फाटला. "आता शेठ तुमाले ड्रायव्हर म्हनून ठेवीन. जा तुमी. माहं काय, मी हाओच अठी."

हे ट्रंकेवर बसले. मग वर पाहून म्हणाले, "मले ड्रायव्हर व्हाचं होतं, हे कोनं सांगतलं तुले? मले घरी राहाचं होतं."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि रडले, दवाखान्याच्या अंगणात, गणवेशात. ह्यांनी रडू दिलं. मग वळकटी उचलून क्वार्टरकडे चालायला लागले.

घरात चहाची पूड संपलेली होती. मी निघाले तर हे म्हणाले, मी आनतो. दुकान दवाखान्याच्या समोरच होतं. दुकानदार गावातला जुना माणूस, त्यानं ह्यांना येताजाता पाहिलं होतं, पण नीट ओळख नव्हती. मी दारातून ऐकत होते. त्यानं विचारलं, कोण पाव्हणे तुम्ही, कोणाकडे आले? दुकानात आणखी दोघंतिघं बसलेले होते. ह्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मी नर्सबाईचा नवरा," ह्यांनी सांगितलं, आणि चहाची पूड मागितली.